ऑफिसात सांगू का?

प्रश्न : काका, माझं वय २८. मूळचा बार्शीकडचा, डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी गे आहे. मोठ्या बहिणीला माहीत आहे, आईवडिलांना नाही. माझा जोडीदार भोसरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. आम्ही मोशीत भाड्यानं राहतो, घरमालकाला मावसभाऊ म्हणून सांगितलंय. कंपनीच्या बसमध्ये आणि कँटीनमध्ये रोज माझ्या लग्नाचा विषय निघतो. आमच्या शिफ्ट इन्चार्जनी त्यांच्या मेहुणीचं स्थळ आणलं, तेव्हा टाळायला म्हणून मी गावाकडे एक मुलगी पसंत आहे असं सांगून बसलो. आता ते तिचा फोटो मागतात आणि ‘तिकडे नाही जमलं तर आमची आहेच’ म्हणतात. जूनमध्ये एचआरनं गेटजवळ इंद्रधनुष्याचं पोस्टर लावलं होतं. तेव्हापासून वाटतंय, सगळ्यांना एकदाचं सांगून मोकळं व्हावं. नोकरी जाईल का?
— एक वाचक, मोशी

उत्तर : आधी मेहुणीचं बघू, कारण त्यात एका मुलीचं घर वाट बघत बसलंय.

इन्चार्जना सरळ नकार दे आणि याच आठवड्यात दे. ‘सर, घरचा समजून विचारलंत, तुमचा मान आहे. पण मला लग्न करायचं नाही. तुमच्याकडच्यांनी माझ्यासाठी थांबू नये.’ एवढं पुरे. फारच खोदून विचारलं तर ‘घरगुती कारण आहे’ म्हण आणि गप्प राहा. गावाकडच्या मुलीचं ‘ते जुळलं नाही’ म्हणून मिटवून टाक. फोटो मात्र कुणाचाही दाखवू नकोस. चुलतबहिणीचा, बहिणीच्या मैत्रिणीचा फोटो दाखवून वेळ मारून नेणारी मुलं मी पाहिली आहेत. तो फोटो पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि भोगावं त्या मुलीला लागतं. स्थळ नाकारायला तू गे आहेस हे सांगावं लागत नाही. हे दोन विषय वेगळे आहेत, ते वेगळेच ठेव.

आता नोकरीचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. तू गुन्हेगार नाहीस, ही गोष्ट कायमची संपली. पण त्या निकालाचा आधार मुख्यतः सरकारी नोकरीत मिळतो. उत्तर प्रदेशात एका होमगार्डला समलिंगी संबंधांवरून कामावरून काढलं होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला आणि त्याला परत कामावर घ्यायला लावलं. खासगी कंपनीला असं बांधून ठेवणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण देतो, तो तुला लागू होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे. काही कंपन्यांनी स्वतःच्या नियमांत ती दारं सगळ्यांना उघडली आहेत. तुझ्या कंपनीनं उघडली आहेत का, हे पोस्टरवरून कळणार नाही. एचआरकडून आचारसंहितेची प्रत मागून घे. ती सगळ्यांनाच मिळते, मागितल्यानं कुणाला संशय येत नाही. भेदभाव करायचा नाही अशा गोष्टींची यादी त्यात असते. जात, धर्म, लिंग यांच्या पुढे लैंगिक कल लिहिलेला आहे का, ते बघ. लिहिलेला असेल तर उद्या तक्रार करायची वेळ आली तर बोट ठेवायला जागा आहे.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे तू कायम आहेस का? पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात तुझ्या वयाची कितीतरी मुलं ट्रेनी म्हणून, ठेकेदाराकडून किंवा ठरावीक मुदतीच्या करारावर असतात. मुदत संपली की करार पुढे वाढवत नाहीत, आणि खरं कारण कधीच कागदावर येत नाही. तुझं तसं असेल तर कायम झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत कुणालाही सांगू नकोस. यात कसलाही भित्रेपणा नाही. मोशीचं भाडं दोन पगारांवर चालतं, बार्शीला पैसे जात असतील. त्यांचा विचार करणं हेसुद्धा तुझ्या जोडीदाराची काळजी घेणंच आहे.

पत्र हातात असेल, तर पुढचं वाच. मी सरकारी बँकेत नोकरी केली, बरीचशी पश्चिम महाराष्ट्रातल्या शाखांमध्ये. २ जुलै २००९ ला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्जविभाग बघत होतो. चाळिशी उलटलेली, अविवाहित. काही महिन्यांनी मी ऑफिसातल्या एका माणसाला सांगितलं. तो माझा जिवलग नव्हता. आमच्या संघटनेचा सचिव होता, तुटक बोलणारा, नियमाला पक्का. संध्याकाळी स्ट्राँगरूम बंद करून आम्ही एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला गेलो. मी सांगितलं. त्यानं चहा संपवला, ग्लास फळीवर ठेवला आणि विचारलं, ‘तुझे मागच्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल कसे आहेत?’

‘चांगले आहेत.’

‘प्रती आहेत?’

‘नाहीत.’

‘माहितीच्या अधिकारात मागून घे. वसुलीबद्दल शाबासकीचं पत्र आलं होतं ना, तेही लाव. बदल्यांची पत्रं लाव. फाइल कर आणि घरी ठेव.’

इतकंच बोलून तो त्याच्या एसटीला गेला. दीडएक वर्षानं विभागीय कार्यालयात माझ्याविरुद्ध निनावी पत्र गेलं. माझं चारित्र्य ठीक नाही, मला शाखेत ठेवू नये, अशा मजकुराचं. सचिव रजा टाकून माझ्याबरोबर आला. ती फाइल होतीच, शिवाय निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असं केंद्रीय दक्षता आयोगाचं १९९९ चं परिपत्रक त्यानं पिशवीतून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तक्रार दप्तरी दाखल झाली. मला धीराचे शब्द देणारे पुढे पुष्कळ भेटले, त्या सगळ्यांबद्दल कृतज्ञता आहे. पण पहिला माणूस असा असावा, असं मी आजही प्रत्येकाला सांगतो.

पुढे ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. तोवर शाखेत बऱ्याच जणांना माझ्याबद्दल माहीत झालं होतं, आणि सांगितलेलं काही परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेलो. हात गार पडले होते. जेवणाच्या सुट्टीत कॅशच्या बाईंनी त्यांच्या डब्यातली गवारीची भाजी रोजच्यासारखी माझ्या डब्याच्या झाकणात वाढली आणि ‘आज तिखट झालीय, बेतानं खा’ म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचा, माझ्याशी तासन्‌तास क्रिकेटवर बोलणारा एक जण मात्र त्या दिवसापासून कामापुरतं बोलायला लागला, तो त्याची बदली होईपर्यंत. मी नंतर पुष्कळ विचार केला. बाईंना मी स्वतः, निवांत वेळ काढून सांगितलं होतं. त्याला ते कुणाकडून तरी कळलं होतं. जी माणसं त्या चार-पाच वर्षांत बाजूला उभी राहिली, ती सगळी मी एकेकट्याला सांगितलेली होती.

माझ्या वयाच्या मराठी समलिंगी नोकरदाराला २०१० साल विसरता येत नाही. प्राध्यापक रामचंद्र सिरस नागपूरकडचे, मराठीचे कवी, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे. फेब्रुवारीत काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठानं उलट त्यांनाच निलंबित केलं. निवृत्ती काही महिन्यांवर होती. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि त्यानंतर आठवड्याभरात ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. दिल्लीचा निकाल त्यांच्या बाजूचा होता, उच्च न्यायालयही होतं. त्यांच्यासाठी झटणारे लोकही होते. पण ज्या गावात त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, तिथे ते शेवटी खोलीत एकटे होते. ते आठवलं की मला अजूनही स्वस्थ बसवत नाही. म्हणून मी तुला सांगण्याआधी माणसं जोडून ठेव म्हणतो.

तेव्हा सगळ्यांना एकदम सांगू नकोस. ग्रुपवर मेसेज टाकून नाही, आणि पार्टीत दोन पेग झाल्यावर तर मुळीच नाही. एक माणूस निवड. जो दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी तुझ्यापुढे काढत नाही, तो तुझीही बाहेर काढणार नाही. त्याला कंपनीत थोडं वजन असेल तर उत्तम. त्याला सांगताना हेही सांग की आणखी कुणाला सांगायचं ते मी ठरवणार आहे. मग दोन-तीन महिने जाऊ दे. दुसरा माणूस. काही जण चौघांवर थांबतात आणि आयुष्यभर सुखानं नोकरी करतात. थांबायचं कुठे, हे तुझं तू ठरव.

कुणी ‘बायल्या’, ‘छक्का’ असलं काही बोललं, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहून ठेव. दुसऱ्यांदा झालं की एचआरला ईमेल कर. तोंडी तक्रारीचं पुढे काही उरत नाही. ईमेल मराठीत लिहिलास तरी चालेल.

आणि कागद नीट कर, कुणालाही सांगण्याच्या आधी. पीएफच्या नियमांत अविवाहित पुरुषाचे आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर नॉमिनी म्हणून त्यांचंच नाव लावावं लागतं. त्या व्याख्येतलं कुणीच नसेल तरच जोडीदाराचं लावता येतं. बँकेत तसं बंधन नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय की क्वीअर म्हणजे आपल्यासारख्या माणसांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. काउंटरवर कुणी अडवलं तर शाखाधिकाऱ्याला हे सांग. मात्र नॉमिनीच्या हातात पैसे पडले म्हणजे तो मालक झाला असं नाही, कायदेशीर वारस दावा करू शकतात. बँकेत मी असे तंटे पाहिले आहेत, त्यात सख्खे भाऊ काउंटरसमोर ओरडत उभे राहतात. म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार म्हणून एकमेकांची सही घेऊ नका. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जोडीदार बसतो की नाही, हे कंपनीनं कुठली पॉलिसी घेतलीय त्यावर आहे. टाटा स्टीलनं २०१९ मध्ये समलिंगी जोडीदाराची नोंद करायची सोय केली, तेव्हा मोठ्या कारखान्यांत हे अशक्य आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही.

मोशीत तुम्ही दोघंच असाल तर थोडं बाहेर पडा. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, तेव्हापासून या भागात आपल्या भाषेत मोकळं बोलणारी माणसं आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, वय ३६. शाळा झरी-जामणी तालुक्यात. माझी जोडीदार यवतमाळला स्टाफ नर्स आहे. दर शनिवारी एसटीनं जाते, रविवारी परत येते. सहकारी जोडप्यांना पती-पत्नी एकत्रीकरणात बदली मिळते. आम्हाला तसा अर्ज करता येईल का? आणि कुणाला कळलं तर वर्तणूक नियमांखाली कारवाई होईल का?

उत्तर : ताई, पहिल्याचं उत्तर नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, आणि त्यावरची फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे एकत्रीकरणाच्या रकान्यात तुम्हा दोघींना आज जागा नाही. हा अन्याय आहे आणि तो मी अन्याय म्हणूनच लिहितो. वीस-वीस वर्षं एकमेकींचं आजारपण काढणाऱ्या दोन बायकांना बदलीच्या पोर्टलवर एकमेकींचं नाव घालता येत नाही.

पण एक वाट बघा. जिल्हांतर्गत बदल्यांच्या शासन निर्णयांत विधवा आणि परित्यक्तांबरोबर कुमारिका शिक्षिकांनाही बदलीत प्राधान्य असलेल्या विशेष संवर्ग भाग एकमध्ये घेतलेलं आहे. अटी दर फेरीला थोड्याफार बदलतात, तेव्हा चालू वर्षाचा निर्णय स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. तुम्ही अविवाहित आहात हे कागदोपत्री खरंच आहे, त्यात काही लपवाछपवी नाही. अर्जात कारण म्हणून जोडीदाराचा उल्लेख करायचीही गरज पडत नाही.

कारवाईचं म्हणाल, तर तुम्ही कुणावर प्रेम करता हे २०१८ नंतर गैरवर्तन ठरवता येत नाही. वर सांगितलेला होमगार्डचा निकाल तुमच्यासारख्यांनाच सर्वांत जास्त उपयोगी आहे. नोटीस आलीच तर तोंडी खुलासा देऊ नका. मुदत मागून घ्या, वकिलाला दाखवा, मगच लेखी उत्तर द्या.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. दोन शिक्षकी शाळा, वस्ती लहान, शाळा व्यवस्थापन समितीत गावचेच लोक. अशा ठिकाणी गावाला सांगायला हवं असं मला बिलकुल वाटत नाही. शहरातल्या लोकांचं ऐकून स्वतःला कमी लेखू नका. एखादी शिक्षिका मैत्रीण, जिच्याकडे रात्री-अपरात्री फोन करता येईल, तेवढी असू द्या.

प्रश्न : हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या हाताखाली अकरा जणांची टीम आहे. त्यातल्या एका मुलानं मला तो गे असल्याचं सांगितलं. मला त्याचं कौतुक वाटलं. टीमची मीटिंग घेऊन सगळ्यांना समजावून सांगावं का? एचआरला कळवू का?

उत्तर : दोन्ही करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्यानं तुम्हाला सांगितलंय, टीमला नाही. एचआरलाही नाही. त्याला एकट्याला गाठून एवढंच विचारा : हे आणखी कुणाला माहीत आहे, आणि माझ्याकडून काही हवंय का? ‘काही नको’ म्हणाला तर विषय तिथेच संपवा आणि पुन्हा पुन्हा विचारपूस करू नका. सांगून बसलोय खरा, आता साहेब रोज मायेनं बघतात, हेही ओझं होतं.

तुमच्या हातात आहे ते तुमच्या टेबलावर आहे. जेवताना, कॉल सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत, कुणी गे माणसांवरचा विनोद केला की तुम्ही हसू नका आणि ‘हे इथे नको’ म्हणा. त्याच्याकडे बघून म्हणू नका. साहेब एकदा असं बोलले की टीम ओळखते. ‘तुझं लग्न कधी’ हा प्रश्न सगळ्यांनाच विचारणं बंद करा. त्यानं टीममधल्या दोन-तीन मुलींचीही सुटका होईल.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक मॅनेजरांच्या ध्यानात येत नाही. ऑनसाइटला पाठवताना देश बघा. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, मलेशिया इथे समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. सिंगापूरचं तसलं कलम २०२३ च्या सुरुवातीला गेलं. दुबईचं प्रोजेक्ट आलं तर त्याचं नाव परस्पर कापू नका, तेही त्याचं नुकसानच आहे. नाव द्यायच्या आधी त्याला एकांतात विचारा, त्यानं हो किंवा नाही म्हटलं तर कारण विचारू नका, आणि पुढच्या ऑनसाइटच्या यादीत त्याचं नाव पुन्हा वर ठेवा. अमेरिकेला जायचं असेल आणि त्याचा जोडीदार असेल, तर लग्नाचा कागद नसल्यामुळे जोडीदाराला डिपेंडंट व्हिसा मिळत नाही. बाकीचे दोन वर्षांसाठी बायकामुलांसह जातात, त्याला एकट्याला जावं लागतं. तुम्हाला शक्य असेल तर त्याची मुदत कमी ठेवा, किंवा मधे एकदा घरी यायची सोय मागा. हे करताना एचआरला कारण सांगावं लागलं, तर ते आधी त्याला विचारून.

*

यावेळी आलेल्या पत्रांपैकी काही इतकी खाजगी आहेत की छापता आली नाहीत. त्यांना टपालानं उत्तर पाठवत आहे. साताऱ्याहून पत्ता न घालता आलेल्या एका पत्रात जगावंसं वाटत नाही असं लिहिलंय. त्या वाचकासाठी : टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मुंबईला येणं जमत असेल तर हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आपल्यासारख्या माणसांसाठी काम करतो आहे. आणि मला पुन्हा लिहा, यावेळी पत्त्यासह.